काळ्या भोपळ्याचे पाय

लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा कुठं माझ्या घरात मिक्सर आला, आणि चौथ्याच महिन्यात माझ्या नवऱ्यानं त्याची मोटर काढून भोपळ्याला बसवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जरा जास्त बोलले तर का बोलले ते कळेल.

नवऱ्याचं नाव आण्णाप्पा. आमच्या गल्लीत बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण मी मराठी शाळेत रोज चाळीस पोरांची हजेरी घेते, मला त्यात एक नाव जड नाही. आम्ही राहतो सीमाभागात, अनगोळात. तिथून उद्यमबाग सायकलीवर दहा मिनिटं, आणि तिथल्या एका फाउंड्रीत तो क्युपोलावर होता. क्युपोला म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी. खालून पंख्यानं वारा मारायचा, आत जाळ भडकला की बिडाचं पाणी होतं. हे काम त्यानं इतकी वर्षं केलं होतं की घरात चहा उकळायला वेळ लागला तरी तो खाली वाकून गॅसला फुंकर घालायचा.

आता भोपळा. ब्याऐंशी साली कॅम्पातल्या एका बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होता. यंत्रं बसवायला आलेला कुणी परदेशी इंजिनिअर काम संपवून मायदेशी निघाला होता. खुर्च्या गेल्या, पडदे गेले, आरसा गेला. शेवटी एक वस्तू राहिली, ती काय आहे ते लिलाववाल्यालाही सांगता येईना. काळी, गोल, इनॅमलची, पोट सुटलेली, वर तसंच गोल झाकण, खाली तीन वाकडे पाय. आण्णाप्पाबरोबर त्याचा फाउंड्रीतला दोस्त भरमू होता. तो म्हणाला, "पाणी तापवायचा बंब असंल." तेव्हा साहेबाचा म्हातारा खानसामा पुढं आला आणि म्हणाला, यात लोणारी कोळसा पेटवून साहेब कोंबडी भाजायचा, बाहेर गवतावर उभा राहून, चड्डी घालून. बाकीचे हसले. आण्णाप्पा हसला नाही. मोडक्या भांड्याच्या भावात तो काळा भोपळा सायकलीला बांधून घरी आला.

आल्या दिवसापासून त्याची सुधारणा सुरू झाली. दुसऱ्या कुणी मुकाट कोंबडी भाजून खाल्ली असती. पण साहेबानं केलेली वस्तू तशीच वापरणं हा आण्णाप्पाला त्याच्या हाताचा अपमान वाटायचा. पहिल्यांदा वाकडे पाय काढून पाइपचे तीन नवे लावले, चांगले कमरेएवढे उंच. मग झाकण हातात धरून उभं राहावं लागतं म्हणून त्याला कपाटाची बिजागरी ठोकली आणि मागं बिडाचं वजन टांगलं, म्हणजे एका बोटानं उघडतं. पोटाखाली राख गोळा करायला डालड्याचा डबा आला. फाउंड्रीतल्या भंगारातून उष्णता दाखवणारी एक तबकडी आणून झाकणात बसवली. आतून भट्टीच्या विटांचे तुकडे चिखलानं लिंपले. दर रविवारी अंगणात ठोकाठोक, आणि दर रविवारी जेवायला मात्र मी स्वयंपाकघरात केलेलंच.

एकदा त्यानं कोंबडी भाजली. वरून कोळसा, आतून गुलाबी. मला वाटलं आता खूळ उतरेल. त्यानं ती कोंबडी उलटसुलट करून बघितली आणि निकाल दिला, "जाळ कमी पडतोय."

क्युपोलात लोखंड नीट वितळलं नाही की वारा वाढवतात. बावीस वर्षं त्यानं हेच केलेलं. कोंबडी म्हणजे काही बीड नव्हे, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. त्या आठवड्यात माझा मिक्सर खोलला गेला, त्याच्या मोटरीला पंखा लागला आणि भोपळ्याच्या पोटाला वाऱ्याचं तोंड पडलं.

"पाटा-वरवंटा हायच की घरात," वर मलाच म्हणाला. मी पुढचे चार दिवस चटणी अशी वाटली की भिंतीवरचं घड्याळ हलावं.

या सगळ्या काळात माझी आई आमच्याकडं होती. आईचं नाव यल्लव्वा, राहणारी निपाणीची. वडील लवकर गेले, मी एकुलती एक. तिनं विड्यांच्या कारखान्यात काम करून मला शिकवलं. सुरुवातीला ती विड्या वळायची, नंतर तिला शेकायच्या खोलीत घेतलं. वळलेल्या विड्यांत ओल राहते, म्हणून त्या कोळशाच्या भट्टीवर मंद शेकाव्या लागतात. त्या भट्टीपुढं आई वीस वर्षं बसली. मग वय झालं, काम सुटलं, आणि एक दिवस नळावर पाय घसरून उजवा हात मनगटात मोडला. मी जाऊन तिला घेऊन आले. प्लास्टर निघालं, त्यालाही महिना झाला, आणि ती म्हणाली, "हात बरा झाला आता. सोमवारी दहाच्या गाडीनं जातो."

आमच्याकडच्या जुन्या बायका 'जाते' म्हणत नाहीत, 'जातो'च म्हणतात. आईच्या तोंडून तो 'जातो' ऐकला की पुढं बोलायची सोयच राहत नाही.

"एकटी तिथं काय करणार हाईस?" मी विचारलं.

"आनि हितं काय करतोय? सकाळी उठून बसतोय, सांजचं बसूनच निजतोय. लेकीच्या घरचं बसून किती दिस खायाचं? तिथं निदान माझी चूल तरी हाय."

मी रागावले, रडले, शेजारच्या काकूंकडून सांगवलं. काही उपयोग झाला नाही. लोक काय म्हणतील ते तर होतंच, पण खरं दुखणं निराळं होतं आणि ते मला दिसत नव्हतं. गॅसची शेगडी तिला पेटवता येत नव्हती. झाडू घेतला की मी हातातून काढून घ्यायची. भांड्याला हात लावला की ओरडायची, "तू बस गं, हात सांभाळ." मला वाटायचं, मी तिला सुख देतेय.

मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून ती आण्णाप्पाचे उद्योग बघायची. डोक्यावर पदर, तोंड अर्धं आडवं. जावयाशी सासूनं थेट बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. तीन हातांवर दोघं असली तरी निरोप माझ्यामार्फत. अकरा वर्षांत मी त्या दोघांचं टपालखातंच चालवत होते. मोटर बसवताना बघून ती मला हळूच म्हणाली होती, "एवढा जाळ कशाला गं?" मी ते टपाल पोहोचवलंच नाही. तिला काय कळतं यातलं, असं मला वाटलं. मी शिकलेली ना!

तर तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आण्णाप्पानं भोपळ्याच्या उद्घाटनाला फाउंड्रीतली माणसं बोलावली. फोरमन मारुतीराव, भरमू आणि साचे करणारा मष्णू. मी शनिवारीच तीन कोंबड्यांना मसाला लावून ठेवला होता. मसाला पाट्यावर वाटलेला, हे सांगायला नकोच.

अकराच्या सुमारास भोपळा पेटला. खानापूरकडचा चांगला खणखणीत कोळसा होता. पहिली कोंबडी जाळीवर ठेवली, झाकण पडलं, आणि आण्णाप्पानं पुजाऱ्यानं घंटा वाजवावी तशा थाटात बटण दाबलं.

भोपळा घुमायला लागला. आधी हळू, मग असा की शेजारचं कुत्रं उठून पलीकडच्या गल्लीत गेलं. झाकणाच्या भोकातून वीतभर ज्वाळ बाहेर आली. तबकडीवरचा काटा सरसर फिरला, शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला आणि तिथंच अडकला. इनॅमलचे टवके टिकटिक उडायला लागले. दोरीवरच्या माझ्या पातळावर एक ठिणगी पडली, ते मी धावत जाऊन काढलं.

"बगा मेस्त्री, कशी आग हाय!" आण्णाप्पा ओरडून सांगत होता.

"साक, साक!" मारुतीराव मागं सरकत म्हणाले. गडबडले की ते कानडीत पुरे म्हणतात.

तेवढ्यात आत काहीतरी धप्पदिशी पडलं. झाकण उघडलं तर जाळी तापून मऊ झालेली, मधोमध लोंबलेली, आणि कोंबडी खाली निखाऱ्यात. कोंबडी म्हणजे आता नुसता आकार राहिला होता. भरमू पोट धरून हसत म्हणाला, "आण्णा, कोंबडी वतून काढायची हाय का भाजायची?" आणि त्याच वेळी फट्ट आवाज होऊन फ्यूज उडाला. माझ्या मिक्सरच्या मोटरीतून निळा धूर आला. घुमणं थांबलं.

आण्णाप्पा हातातल्या चिमट्याकडं बघत उभा राहिला. एवढ्या महिन्यांचे रविवार त्याच्या तोंडावर दिसत होते. मोटरीचा धूर बघून मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण त्याचं तोंड बघून माझा राग कुठल्या कुठं गेला. वाईट वाटलं, अगदी वाईट वाटलं.

तेव्हा मागच्या दारातून आवाज आला, "मालू, त्यास्नी सांग, झाकण उघडं टाकू नगा म्हणावं. इस्तू वाया जातोय."

इस्तू म्हणजे विस्तव. मी निरोप द्यायच्या आधीच आण्णाप्पानं झाकण लावलं. आई उंबऱ्यावरून उठली, पदर खोचला आणि अंगणात उतरली. "राख आन," मला म्हणाली, "भांडी घासायची हाय नव्हं, ती. सगळी आन. आनि थोडा चिखल."

घरात गॅस आला तरी भांडी आम्ही राखेनंच घासायचो, शेजारच्या काकूंच्या चुलीतली आणून. मोरीतला डबा मी उचलून आणला. मष्णूनं तोवर वाकलेली जाळी बाहेर ओढून धुण्याच्या दगडावर घातली आणि हातोड्यानं चार घावांत सरळ केली. ही माणसं अशा वेळी विचारत बसत नाहीत.

आईनं पहिल्यांदा वाऱ्याचं तोंड चिखलानं बंद केलं. मग निखारे उलथन्यानं कडेला सारले, मध्ये जागा मोकळी ठेवली, आणि वरून राख पेरली. रांगोळी घालावी तशी, चिमटीचिमटीनं, सारखी. लाल रंग विझत गेला, नुसता करडा थर राहिला. बघणाऱ्याला वाटावं आग मेली. भरमूनं तर उसासा टाकला. आईनं तळहात जाळीवर धरला आणि ओठांत मोजायला लागली. सातला हात काढला. मान हलवली. आणखी चिमूटभर राख. पुन्हा धरला, बारापर्यंत गेली.

"आता ठेव कोंबड्या. मधी. इस्तवावर नगो."

झाकण लावलं. वरचं भोकही तिनं चिखलानं लिंपलं, करंगळी जाईल एवढंच ठेवलं. त्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि सरळ वर गेली.

"करपली तर मालक वराडायचा," ती मला सांगत होती, पण आवाज सगळ्यांना जाईल एवढा होता. "कच्ची ऱ्हायली तर बुरशी धरायची. वीस वर्सांत माझ्या हातनं एक ट्रे करपला न्हाय. इस्तवाला वारा दिऊ नये बाई, इस्तवाला झोप द्यावी."

आण्णाप्पा त्या रेघेकडं टक लावून बघत होता. त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. "मेस्त्री," तो मारुतीरावांना म्हणाला, "आपण कास्टिंग वाळूत गार करत ठेवतो. लगीच काढलं तर तडकतंय. तसंच की हे!" आणि आईकडं वळून एकदम, "मामी, किती येळ लागंल?"

"दोन घंटं," आई म्हणाली. "मधी उघडायचं न्हाय."

मग दोघांच्याही ध्यानात आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा थेट बोललो. आईनं पदर पुढं ओढला, आण्णाप्पा उगाच डालड्याचा डबा सरळ करायला वाकला. मी मध्ये उभी होते, माझं टपालखातं बुडालं होतं, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

दोन घंटे आई भोपळ्यापाशी होती. भोपळ्याचे पाय कमरेएवढे उंच, म्हणून तिला उभंच राहावं लागलं. मी बसायला मोडा आणून दिला तर त्यावरून झाकणापर्यंत हात पोचेना. मध्येच ती कंबर धरायची, एका पायावरून दुसऱ्या पायावर जायची, पण हलली नाही. दर थोड्या वेळानं झाकणाला हाताची मागची बाजू लावून बघायची, एकदा चिखल थोडा उकरला, एकदा परत लावला.

झाकण उघडलं तेव्हा वास गल्लीभर गेला. कोंबड्या तांबूस झाल्या होत्या, हाडापासून मांस आपोआप सुटत होतं. मारुतीराव जेवताना बोलत नाहीत, तेही बोलले. "आण्णाप्पा, झकास जमलंय रं तुझं मशीन."

"माझं न्हाय," आण्णाप्पा म्हणाला, "मामींचं." असं चारचौघांत म्हणणारा तो माणूस नव्हे. आई आत ताट घेऊन बसली होती. तिनं ऐकलं. ताटातला तिचा हात जरा थांबला.

माणसं गेल्यावर ती कंबर चोळत भिंतीला टेकून बसली. "उभ्यानं कुठं इस्तू सांभाळत्यात व्हय?" म्हणाली. "साहेबाला बसायला येत नसंल. आमी सगळं बसूनच केलं."

मला वाटलं, आता ती राहील. मी भीत भीत विचारलं, "आई, उद्या..."

"उद्या दहाची गाडी," ती म्हणाली. "एक दिस सैपाक केला म्हणून काय घर माझं हुतंय?" आणि तिनं गाठोडं बांधायला घेतलं. दोन पातळं, चष्मा, हाताचं तेल. मी पुन्हा रडले. आण्णाप्पा कोपऱ्यात पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं, आणि मला त्याचा परत राग आला. निदान 'राहा' तरी म्हणावं माणसानं!

सोमवारी उजाडताना करकर आवाजानं मला जाग आली. लोखंडावर करवत चालली होती. मी उठले ती तणतणतच. माझी आई आज चाललीय आणि याला भोपळ्याची सुधारणा सुचतेय! चार शब्द सुनवायचेच म्हणून मागचं दार उघडलं.

भोपळा उलटा पडला होता. आण्णाप्पा त्याचे पाय कापत होता. दोन कापून झाले होते, तिसऱ्यावर करवत होती. कमरेएवढे पाय आता वीतभर राहिले होते. मोटर काढून बाजूला ठेवली होती, विटा खरवडून काढल्या होत्या, तबकडीच्या जागी नुसतं सरकतं झाकण होतं, करंगळी जाईल एवढ्या भोकावर. डालड्याचा डबा आता खाली मावेना, म्हणून माझी जुनी परात. आणि भोपळ्याशेजारी देवघरातला पाट मांडून ठेवला होता.

त्यानं भोपळा सरळ केला, हलवून बघितला. आई गाठोडं काखेत धरून दारात येऊन उभी होती, केव्हापासून कुणास ठाऊक. आण्णाप्पानं तिच्याकडं बघितलं नाही. रीत पुन्हा जागेवर आली होती. मला म्हणाला, "मालू, त्यास्नी इचार, उंची बरोबर हाय का. पुढच्या ऐतवारी मारुतीरावांची मंडळी येनार हाईत, मला काय ते राखंचं जमत न्हाय."

मी विचारलं नाही. आठ दिवस मी तिच्या पाया पडत होते, राहा राहा म्हणत होते, आणि बसल्या जागी तिचा हात कुठवर पोचतो ते मी एकदाही बघितलं नव्हतं. त्यानं ते बघितलं होतं. डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत.

आई अंगणात उतरली. भोपळ्याभोवती एक फेरी मारली. गाठोडं खाली ठेवलं, पाटावर मांडी घातली, उजवा हात, तोच मोडलेला हात, जाळीवर धरला. उलथनं घेऊन कडेपर्यंत फिरवलं. झाकणाला हाताची मागची बाजू लावून बघितली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"त्यास्नी सांग," ती मला म्हणाली, "आनखी दोन बोटं कमी पायजेत."

आण्णाप्पानं करवत उचलली. तिन्ही पाय पुन्हा कापून सारखे करेपर्यंत दहा वाजून गेले. मी गाठोडं आत नेऊन सोडलं आणि तिची पातळं माझ्या पातळांशेजारी दांडीवर टाकली.